रस्त्यावरच्या कुत्रीची केमो: बेळगावातल्या एका हिवाळ्याची नोंद

गल्लीतल्या कुत्रीला गाठ आहे, डॉक्टर केमो सांगतात, आणि कुत्री तर अंगाला हात लावू देत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक माणसं तिथेच हात टेकतात. आमच्या गल्लीतल्या तांबडीचा उपचार नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये संपला. हा आजार म्हणजे कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा एक कॅन्सर. तो बरा होतो, त्याचं औषध महाग नाही, आणि बेळगावसारख्या शहरात ते देणारे डॉक्टरही मिळतात. कस लागतो तो भलत्याच ठिकाणी. दर आठवड्याला सुई टोचून घेणाऱ्या मोकळ्या कुत्रीला पुन्हा त्याच टेबलापाशी न्यायचं, आणि तिचा आपल्यावरचा विश्वास मोडू द्यायचा नाही. म्हणून इथे औषधांच्या बरोबरीने त्या विश्वासाचाही हिशेब मांडला आहे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि कर्नाटक राज्योत्सव दोन्ही १ नोव्हेंबरला आले. एकीकडे फटाके, दुसरीकडे मिरवणुकीतले स्पीकर. गल्लीतली कुत्री दोन-तीन दिवस कुठे कुठे दडून बसली. तांबडी परत आली तेव्हा ती बसेल तिथे रक्ताचे थेंब पडू लागले. वय अंदाजे चार वर्षं, नसबंदी झालेली नाही. माजावर आली असेल असंच कुणालाही वाटावं. फरक ओळखायचा तो असा: माजात आधी योनी सुजते, आठ-दहा दिवस रक्त जातं, मग त्याचा रंग फिका होत जातो आणि साधारण तीन आठवड्यांत सगळं आटोपतं. इथे नोव्हेंबर सरत आला तरी थेंब लाल आणि ताजेच, सारखं चाटणं, माश्या, आणि एका बाजूला फुगवटा. शेपूट बाजूला झाली की आत लालसर, ठिसूळ, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ दिसायची. तिला नुसता कापूस लागला तरी रक्त येतं. नरामध्ये लिंगाच्या आवरणातून थेंब गळतात आणि लघवीचा संसर्ग समजून लोक महिना-महिना अँटिबायोटिक देत बसतात. क्वचित ही गाठ नाकात होते. तेव्हा एकाच नाकपुडीतून रक्त, शिंका आणि नाकाडावर सूज अशी लक्षणं असतात. शेतावर राखणीला मोकळ्या सोडलेल्या मुधोळ कुत्र्यांनाही हा आजार होतो, तेव्हा चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्यांनीही ही लक्षणं ध्यानात ठेवावीत.

आजाराचं नाव ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर. बोलताना सगळे टीव्हीटी म्हणतात. तो विषाणूमुळे किंवा जंतूमुळे होत नाही. आजारी कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच संगातून, चाटण्यातून, हुंगण्यातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या पेशींत ५७ ते ५९च्या आसपास. म्हणजे गाठ त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींची नसतेच. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एका कुत्र्याच्या पेशी एकातून दुसऱ्यात जात आजवर जगत आल्या आहेत. माणसाला हा आजार होत नाही, आणि ही गोष्ट गल्लीत पहिल्याच दिवशी दारोदार सांगून टाकावी. ‘कॅन्सर, तोही पसरणारा’ एवढंच कानावर गेलं तर पहिली मागणी कुत्री इथून हलवा अशीच येते.

दवाखान्याआधीचे दोन-अडीच आठवडे आम्ही हाताळण्याच्या सवयीला दिले. रक्त जात असताना थांबणं जिवावर येतं. पण ही गाठ सहसा एका रात्रीत जीव घेत नाही, आणि जाळी टाकून पकडलेली कुत्री पुढच्या आठवड्यात दिसेलच याची खात्री नसते. केमो म्हणजे निदान चार ते सहा आठवडे. मधला एक आठवडा कुत्री गायब झाली की उपचाराची साखळी तुटते.

तांबडी हातातून बिस्कीट घ्यायची, पण हात पुढे सरकला की दोन पावलं मागे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने मोकळ्या कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अनोळखी माणसाने खाऊ देण्यापेक्षा कुरवाळलं तर ही कुत्री त्याच्यावर जास्त विश्वास टाकतात, असं त्यात दिसलं. आमचा रोख त्यामुळे खाण्यावरून स्पर्शाकडे वळला. रोज एकाच वेळी, एकाच पायरीवर, कुत्रीकडे कूस करून बसायचं. टक लावून पाहायचं नाही. माणूस आणि त्याचं पाळीव कुत्रं एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. पण ती जुळलेल्या जोडीची गोष्ट. भेदरलेल्या कुत्रीला रोखलेली नजर ही धमकीच वाटते. हात डोक्यावरून न नेता खालून, छातीशी आणि हनुवटीखाली न्यायचा. तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. ती सरकून जवळ आली तर पुन्हा, तोंड वळवलं तर त्या दिवशी तेवढंच. हे जमलं की खांद्यावरून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, मग पंजा उचलून सोडणं, मग अंगावर छातीपट्टा ठेवून काढणं, शेवटी तो बांधणं. ओठ चाटणं, कारण नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली: यातलं काहीही दिसलं की एक पायरी मागे यायचं. कुत्री गोठून उभी राहिली तर ती शांत आहे असं समजू नये. चावण्याआधीची अवस्था पुष्कळदा तीच असते.

या दिवसांत ठरवलेला एक नियम शेवटपर्यंत पाळला, आणि सगळा उपचार त्याच्यावरच तरला असं मला वाटतं. जेवणाची हाक मारून कुत्रीला कधीही पकडायचं नाही. जेवणाची हाक वेगळी, दवाखान्याची वेगळी. पट्टा बांधायच्या आधी दर खेपेला स्पष्ट आवाजात ‘चल दवाखाना’ म्हणायचं, ताटली न दाखवता. कुत्री सुरुवातीला हे ऐकून पळेल. पळू द्यावं, दहा मिनिटांनी पुन्हा म्हणावं. याचा फायदा असा की बाकीचा सगळा वेळ तिच्यासाठी निर्धास्त राहतो. ‘चल दवाखाना’ कानावर आलं नाही म्हणजे आज सुई नाही, हे तिला दोन-तीन आठवड्यांत पक्कं कळतं. फसवून पकडलं तर प्रत्येक ताटलीत तिला सुई दिसणार.

जे लोक कुत्रीला हाताळणार त्यांनी स्वतः रेबीजची लस आधी घ्यावी. चावा न झालेल्या माणसासाठी तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. चावा किंवा ओरखडा झालाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आधी लस घेतलेली असली तरीही.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली तपासणी झाली. वजन भरलं १६ किलो. गाठीवर काचपट्टी दाबून ठसा घेतला, हवेत वाळवला, रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी आणि त्यांच्या आत पारदर्शक फुगे दिसले की टीव्हीटीचं निदान होतं. तुकडा काढावा लागत नाही. डॉक्टरांची फी ३०० आणि स्लाइडचे ५०० रुपये पडले. सोबत रक्त घेतलं, रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. इथे एक काळजी घ्यावी. माणसांच्या लॅबमधली यंत्रं माणसाच्या रक्तासाठी जुळवलेली असतात, कुत्र्याच्या पेशी ती चुकीच्या मोजतात. जनावरांचं रक्त तपासणारी लॅब कुठली, ते डॉक्टरांनाच विचारावं. प्लेटलेट कमी आल्या तर काचपट्टीवर पाहून खात्री करायला सांगावं, कारण नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्या तरी आकडा खोटाच कमी दिसतो.

तांबडीच्या प्लेटलेट खरोखरच कमी होत्या. कारण निघालं गोचीडताप, एर्लिकिया. आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांत तो इतका पसरलेला आहे की केमोच्या आधी तो शोधायलाच हवा. रक्त आधीच उतरलेलं असताना वर केमो दिली तर कुत्री खचते. डॉक्सिसायक्लिन, किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. १६ किलोला १०० मिलिग्रॅमची दीड गोळी. ही गोळी उपाशीपोटी किंवा कोरडी दिली तर अन्ननलिकेला जखम करते, म्हणून खाण्यात घालून द्यायची आणि वर पाणी पाजायचं. दही, दूध, खवा यांत लपवू नये, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक किंवा कलेजीचा तुकडा उत्तम. गोचिडांसाठी चघळायची गोळी वेगळी दिली. दहा-बारा दिवसांनी प्लेटलेट वर आल्या आणि मग केमोची तारीख मिळाली. हे थांबणं कुणी चुकवू नये.

याच दिवसांत कागदाचं एक काम उरकून घेतलं. महापालिकेची नसबंदीची गाडी गल्लीत आली आणि केमो चालू असलेली कुत्री उचलून नेली तर दोन्हीकडून अडचण. म्हणून वॉर्डाच्या आरोग्य विभागाला अर्ज दिला: कुत्रीचं वर्णन, दोन्ही बाजूंचे फोटो, वॉर्ड क्रमांक (शहरात ५८ वॉर्ड आहेत, आपला कुठला ते घरपट्टीच्या पावतीवरून काढावं), डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘उपचार सुरू, नसबंदी उपचारानंतर करणार’ असं सही-शिक्क्यासह पत्र, आणि दोन घरांचे फोन नंबर. अर्ज कन्नडमध्ये न्यावा. तिथल्या कागदांवर मोकळ्या कुत्र्याला ‘बीदी नायी’ म्हणतात, तोच शब्द वापरावा. दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. गळ्यात रंगीत पट्टा आणि त्यावर फोन नंबर लिहिलेली पट्टी, हेही तेव्हाच केलं.

पहिला डोस डिसेंबरच्या मध्यावर. औषध व्हिन्क्रिस्टिन. प्रमाण किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोला ०.४ मिलिग्रॅम, काही डॉक्टर शरीराच्या क्षेत्रफळावरून काढतात, आकडा जवळपास तोच येतो. १ मिलिलिटरच्या कुपीत १ मिलिग्रॅम असतं, आम्हाला ती ८० रुपयांच्या आसपास मिळाली. ती माणसांच्या मोठ्या दवाखान्यांसमोरच्या मेडिकलमध्ये असते आणि चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो. २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीही नाही. थर्मासमध्ये बर्फाच्या जेलची पिशवी, तिच्यावर कापड आणि मग कुपी. उजेडही लागू द्यायचा नाही.

हे इंजेक्शन शिरेतच जावं लागतं, आणि घरी द्यायचा विचारही करू नये. शिरेबाहेर दोन थेंब सांडले तरी तिथलं मांस मरतं, महिनाभर न भरणारी जखम होते, कुत्री पाय कुरतडते. म्हणून नुसत्या सुईने न देता शिरेत कॅन्युला म्हणजे बारीक प्लास्टिकची नळी घालायची, निळी २२ नंबरची किंवा पिवळी २४ची. आधी सलाईन सोडून फुगवटा येत नाही हे पाहायचं, मग औषध, मग पुन्हा सलाईन. सांडलंच तर कॅन्युला लगेच उपसायची नाही, आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध मागे ओढून घ्यायचं. शेक द्यायचा तो गरम; या औषधाला बर्फ लावू नये. एका आठवड्यात डावा पाय, पुढच्यात उजवा.

धरणारा माणूस इथे डॉक्टरइतकाच महत्त्वाचा. कुत्री छातीवर बसलेली. एक हात हनुवटीखालून घेऊन तिचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवायचं, दुसऱ्या हाताने पुढच्या पायाचं कोपर मागून पुढे ढकलायचं. त्याच हाताचा अंगठा कोपराच्या जरा खाली, पायाच्या वरच्या अंगाला आडवा दाबून बाहेरच्या बाजूला किंचित फिरवायचा. शीर टरारून वर येते. कॅन्युलात रक्त दिसलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा सोडायचा. औषध जाताना अंगठा दाबलेलाच राहिला तर शीर फुटून औषध बाहेर येऊ शकतं. तोंड बांधायला मीटरभर जाळीदार पट्टी पुरते: नाकाडाभोवती फास, हनुवटीखाली दुसरी गाठ, कानांमागे सरकगाठ. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं तेव्हाच त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पाच मिनिटांत पट्टी सुटायलाच हवी.

खायला घालणाऱ्याने धरू नये, कुत्री त्याचा राग धरेल, असं बरेच जण सांगतात. मला हे पटत नाही. अनोळखी हातांत तांबडीचं हृदय धडधडत असे, अंग लाकडासारखं ताठ, आणि शीर आत ओढली जायची. रोजचा माणूस डोक्यापाशी असला, तोच आवाज सलग चालू राहिला, की ती थरथरायची पण मान खांद्यावर टाकायची. मात्र पट्टा बांधून रिक्षात चढवणारा माणूस दुसरा असावा, आणि टेबलावरून उतरवणारा मात्र रोजचाच. शेवटचा हात ओळखीचा लागला पाहिजे. रिक्षावालाही शक्यतो तोच ठरवावा. जाऊन-येऊन आणि थांबून ३०० रुपये घेई, सीटवर गोणपाट आम्ही नेत असू. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधातलं हिवाळी अधिवेशन आणि १९२४च्या बेळगाव काँग्रेसच्या शताब्दीचा कार्यक्रम लागून आले. असल्या दिवसांत वाहतूक कुठून कशी वळवतील सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारून डोस एखादा दिवस पुढे घेतला तर बिघडत नाही.

उपचारभर तिचा मुक्काम फाटकाच्या आत परसात; डोसनंतरचे दोन दिवस ती तिथल्या शेडमध्ये बंद. लघवी, विष्ठा, उलटी यांतून औषध बाहेर पडतं, म्हणून हातमोजे घालून साफ करायचं, भरपूर पाणी टाकायचं, अंथरूण वेगळं धुवायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या कामात पडू नये, लहान मुलांना लांब ठेवावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ होते. उलटीची गोळी डॉक्टर आधीच देतात. खाणं थोडं थोडं, कोमट: मऊ भात आणि चिकनचं पाणी, अंडं, ज्वारीची भाकरी कुस्करून. कांदा-लसूण घातलेलं काही नाही, शिजवलेली हाडं नाहीत. या औषधाने शौचाला खडा धरतो, तेव्हा भोपळा शिजवून घालावा. थर्मामीटर जवळ हवाच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. डोसनंतरच्या आठवड्यात १०३च्या वर गेलं आणि कुत्री मलूल असली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, साधा संसर्गही उलटू शकतो.

रक्त दर डोसच्या आधी तपासायचं, ४०० रुपये. पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली असल्या तर त्या दिवशी डोस नाही. संक्रांतीच्या सुमारास तांबडीच्या ३२०० आल्या, आठवडाभर थांबलो, पुढचा डोस पाव हिश्श्याने कमी करून ०.३ मिलिग्रॅम दिला. असा खंड पडला की आता सगळं वाया गेलं असं वाटतं. तसं होत नाही. रक्त, औषध, कॅन्युला-सलाईन, फी आणि रिक्षा धरून आठवड्याला साडेबाराशेच्या आत खर्च येई. आमच्याकडे तो चार घरांत वाटून घेतला.

दुसऱ्या डोसनंतर रक्त थांबलं आणि गाठ निम्म्याने आक्रसली. हा बदल डोळ्यांना दिसतो, आणि नेमक्या याच वेळी लोक उपचार सोडतात. गाठीचा थोडा अंश राहिला तरी ती पुन्हा वाढते, तेव्हा पूर्ण जाईपर्यंत डोस चालू ठेवावेच लागतात.

कुत्रीच्या मनाने हिसका दिला तो तिसऱ्या डोसनंतर. तोवर शेडचं दार वाजलं की ती उठून यायची. आता कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली आणि हाताने दिलेलं खाईना. शरीराची कारणं आधी पाहायची असतात: ताप, खडा, शिरेजवळ दुखणं. ती नसल्याचं कळलं, आणि उरली ती भीती. त्या आठवड्यात तिच्याकडून काहीच मागितलं नाही. तपासणं नाही, पंजा उचलणं नाही, गोळीसुद्धा ताटलीतच. शेडच्या दारात कूस करून बसायचं, वाचायचं किंवा शेंगा निवडायच्या, वेळ झाली की उठून जायचं. तिसऱ्या संध्याकाळी ती उठली, पाठीमागून आली आणि पाठ पाठीला टेकवून बसली. हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी हनुवटी पुढे केली, तेव्हा तीन सेकंदांचं खाजवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुत्र्याचं प्रेम गृहीत धरून चालत नाही. दर सुईला त्यातलं काही खर्च होतं आणि मधल्या सहा दिवसांत ते भरून काढायला वेळ द्यावाच लागतो. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी शेजारचं एक माणूस जोडून घ्यावं, पण हा भाग टाळू नये.

जानेवारीअखेर सहावा डोस झाला. पाचव्यानंतरच गाठ दिसेनाशी झाली होती; तरी डॉक्टरांनी एक जास्तीचा दिला. बहुतेक कुत्री एवढ्यात बरी होतात. आठ डोस होऊनही गाठ हलली नाही तर डॉक्सोरुबिसिनसारखं दुसरं औषध वापरतात. तशा वेळी गदगच्या किंवा महामार्गावरच्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला सांगतात.

नसबंदी मार्चच्या सुरुवातीला, रक्त पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आल्यावर. खर्च साडेपाच हजार. केमो संपण्याआधी करायची नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जखम भरत नाही. दहा-बारा दिवस गळ्यात प्लास्टिकचा कोन. टाके निघाल्यावर मार्चच्या अखेरीस रेबीजची आणि पाच रोगांची एकत्र लस. ती लसही केमो चालू असताना देत नाहीत. कान खाचलेला असला की नसबंदी झालेली कुत्री लांबूनच ओळखू येते आणि गाडी तिला पुन्हा उचलत नाही, तेव्हा ते भूल असतानाच करून घ्यावं. सगळा हिशेब सतरा हजारांच्या आसपास गेला.

सोडायचं कसं, याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. तीन महिने जिच्याभोवती दिवसभर माणसं होती, तिला एका सकाळी फाटकाबाहेर काढून दार लावलं तर ती खाणं टाकते. आधी दिवसा फाटक उघडं ठेवलं, मग रात्रीही. जेवण शेडमधून फाटकाशी, फाटकातून तिच्या जुन्या पायरीपाशी सरकवलं. ‘चल दवाखाना’ सोडून बाकी सगळं चालू ठेवलं: तीच वेळ, तेच बसणं, तेच खाजवणं. एप्रिलच्या मध्यापर्यंत ती आपल्या जागी रुळली. घरात का घेतली नाही असं अनेकांनी विचारलं. चार वर्षं मोकळी वाढलेली कुत्री चार भिंतींत सुखी होईलच असं नाही, आणि जवळीक असायला साखळी लागत नाही. घर हवं असलेली कुत्री वेगळी दिसते. ती फाटक उघडं असूनही जात नाही.

यानंतर नियमांत बदल झाले आहेत, ते माहीत असावेत. मोकळ्या कुत्र्यांच्या नसबंदीला २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशाप्रमाणे नसबंदी, जंतनाशन आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायची, मात्र रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली किंवा आक्रमक सोडायची नाहीत. आणि खायला घालायचं ते वॉर्डात नेमून दिलेल्या जागी, वाटेल त्या रस्त्यावर नाही. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवायची असून ती पुन्हा तिथे सोडायची नाहीत. तुमची कुत्री अशा आवारालगत राहत असेल तर खाण्याची जागा आतापासूनच हळूहळू लांब सरकवा, आणि नेमलेल्या जागेसाठी वॉर्डात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

उपचारानंतर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं. तांबडीच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या. फाइलमध्ये स्लाइडचा रिपोर्ट, प्रत्येक रक्ततपासणी, डोसची तारीख आणि पाय, नसबंदीचं प्रमाणपत्र, लशीचं कार्ड आणि शिक्का असलेला अर्ज एवढं आहे. एक झेरॉक्स संच शेजारच्या घरी ठेवलेला आहे, कारण आम्ही गावी असताना कुणी विचारायला आलं तर कागद तिथे हजर हवेत. रेबीजच्या पुढच्या लशीचा महिना, मार्च २०२६, दोन्ही संचांच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.